पाच सुपांचा संशय

कट्टा गावच्या बाजारात एसटी थांबते तिथून थोडं पुढे संचिताचं दुकान आहे. त्याला पाटी नाही. दारावर सुपं टांगलेली असतात, तीच पाटी. आत रोवळ्या, टोपल्या, माडाच्या हिरांच्या केरसुण्या, आणि हंगामाप्रमाणे कोकम, काजू, कुळथाचं पीठ असलंही थोडं. सुपं ती कसालच्या पलीकडच्या एका वाडीतून, बाबली नावाच्या कारागिराकडून आणते. आणल्यावर प्रत्येक सुपाच्या कडेवरून तळवा फिरवते. कुठे काडी टोचली की ते सूप बाजूला. बाबली चिडतो, "तुझो हात काय फुलाचो आसा काय गो?" ती म्हणते, "माझो नाय रे, घेणाऱ्याचो."

मी शिकवायचे त्या शाळेत ती होती. वर्गात तिचा नंबर कधी वर आला नाही. मला ती आठवते वेगळ्याच कारणाने. कुणाची पेन्सिल उसनी घेतली, तर परत देताना तिला टोक काढून द्यायची. मी हे इतर मुलांना शिकवायचा प्रयत्न केला. कुणी शिकलं नाही. अशा बाईला या वर्षी फसवणूक करणारी ठरवण्यात आलं, आणि ते तिला नाही, तिच्या गिऱ्हाइकांना आधी कळवण्यात आलं. हे लिहायला बसले आहे ते म्हणूनच. माझा राग अजून उतरलेला नाही, आणि उतरावा असं मला वाटतही नाही.

संचिताने मोबाईलवरून माल विकायला सुरुवात केली ती हौसेने नव्हे. मुंबईतली, पुण्यातली, मस्कत-दुबईतली आमची मुलं तिला फोन करायची. "संचिताताई, आईक एक रोवळी धाड. पैसे गावाक इल्यावर देतंय." पैसे मिळायचे, पण कुणाकडून कशाचे ते लक्षात ठेवता ठेवता तिचं डोकं फिरायचं. परदेशातल्या मुलांकडे तर बँकेचं कार्ड सोडून दुसरं साधनच नसायचं. शेवटी तिच्या भाचीने तिला एक साधी वेबसाइट करून दिली. माल निवडायचा, पत्ता घालायचा, कार्डाने पैसे भरायचे. मधे एक कंपनी असते. ती कार्ड खरं की खोटं ते बघते, पैसे घेते, आपला वाटा कापून उरलेले संचिताच्या खात्यात घालते. माल पोचवायचं काम गुरुदासचं. गुरुदास तिचा नवरा. त्याचा छोटा टेम्पो आहे.

कंपनी कार्ड तपासते म्हटल्यावर संचिताला बरं वाटलं होतं. "बाई, आपल्याक कळणारां नाय कोण चोर नि कोण साव. तेंचां मशीन पाखडून देता," असं तिने मला सांगितलं होतं. सुपं विकणाऱ्या बाईला पाखडणं हा शब्द सुचणारच.

मे महिन्यात या पाखडण्याचा पहिला नमुना मिळाला. कुणीतरी काजूगराची मोठी ऑर्डर दिली. कार्डावरचं नाव आणि माल घेणाऱ्याचं नाव एकच. पत्ता शहरातला, इमारतीच्या नावासकट, अगदी नीट. मशीनने हिरवा दिवा दाखवला. माल गेला. महिन्याभराने कळलं की कार्ड चोरीचं होतं. ज्या बिचाऱ्याचं कार्ड होतं, त्याला बँकेने पैसे परत दिले, ते बरोबरच. पण ते कुणाच्या खिशातून गेले? कंपनीच्या नाही. बँकेच्या नाही. संचिताच्या खात्यातून गेले, आणि वर तिला दंड लागला. मशीनने पास केलेल्या कार्डाचा दंड संचिताला.

"आता काय करूचां?" गुरुदास म्हणाला.

"काय करूचां नाय. काजू गेले. शिकलंय म्हणूचां."

पण शिकली फक्त ती. कंपनीने शिकण्याऐवजी तिच्याच खात्यावर 'जोखमीचं' अशी खूण केली. चोराने फसवलेल्या बाईवर नजर ठेवायची, असा तो न्याय. हे आम्हाला तेव्हा माहीत नव्हतं, चतुर्थी जवळ आल्यावर कळलं.

इथे ओवशाबद्दल सांगायला हवं. गौरीच्या दिवशी नवी सून पानं, फळं, सुपारी, नारळ, खण घालून सुपं भरते, गौरीसमोर ओवसते, आणि मग घरातल्या, वाडीतल्या थोरांना एकेक सूप देऊन पाया पडते. घेणाऱ्याने ते सूप रिकामं परत करायचं नसतं. त्यात काहीतरी घालूनच द्यायचं. सुपं पाच, नाहीतर दहा. पहिल्या ओवशाची सुपं माहेरून यायला लागतात. आणि हा पहिला ओवसा कुठल्याही वर्षी करता येत नाही. पावसाच्या नक्षत्रांतलं पूर्वा चालू असताना गौर आली, तरच. नाहीतर थांबायचं. गेल्या वर्षी गौर पूर्वेत आली नव्हती, आणि पुढच्या वर्षीही येणार नाही असं भटजींनी सांगितलं होतं. म्हणजे दोन वर्षांत लग्न होऊन आलेल्या सगळ्या मुलींचे ओवसे या एकाच वर्षी.

संचिताला हे आषाढातच ठाऊक होतं. तिने बाबलीला आधीच सांगून सुपं विणून घेतली होती. घराच्या पडवीत रास झाली होती. गुरुदासला झोपायला जागा उरली नव्हती. आणि चतुर्थीच्या तोंडावर एका आठवड्यात ऑर्डरी आल्या. कुणाच्या भावाने मुंबईहून, कुणाच्या बापाने पुण्याहून, कुणाच्या मामाने मस्कतहून. पाच सुपं. दहा सुपं. पाच. पाच. दहा.

आणि मशीनने सगळं लाल केलं.

ऑर्डरी रद्द झाल्या. पैसे कंपनीने अडवून धरले, गिऱ्हाइकांना परत मिळायला वेळ लागेल असं कळवलं. आणि प्रत्येक गिऱ्हाइकाच्या फोनवर संदेश गेला: 'फसवणुकीच्या संशयावरून हा व्यवहार रद्द करण्यात आला आहे. या विक्रेत्याशी पुढील व्यवहार करताना सावध राहा.' खाली विक्रेत्याचं नाव. संचिताचं, नवऱ्याच्या नावासकट, आडनावासकट.

ती माझ्याकडे आली तेव्हा रडत नव्हती. तोंड मात्र कडू कारलं खाल्ल्यासारखं झालं होतं. "बाई, माका तेंच्याशी बोलूचां आसा. तुम्ही बाजूक बसा. माझां प्रमाण मराठी अर्ध्यात तुटता."

तिचं मराठी कुठेही तुटलं नाही. फोनवर पलीकडच्या, कंपनीच्या मुलाचं तुटलं. पण तो उद्धट नव्हता, हे सांगायला हवं. त्याच्यासमोरच्या पडद्यावर जे लाल दिसत होतं, ते तो वाचत होता.

"मॅडम, तुमच्या खात्यावर असामान्य हालचाल आहे. एरवी दिवसाला एखादा व्यवहार, आणि या आठवड्यात एकदम इतके. तुम्ही काही सेल लावला होता का?"

"नाही. गौर पूर्वेत आली."

"कोण आलं, मॅडम?"

"गौर. गौरी."

"त्या तुमच्या पार्टनर आहेत का? त्यांचं आडनाव सांगाल?"

संचिताने माझ्याकडे बघितलं. मी खिडकीकडे बघितलं.

"सण आहे तो," ती म्हणाली. "गणपतीतल्या गौरी."

"अच्छा. पण मॅडम, गणपती तर दर वर्षी असतात. मागच्या वर्षी अशी वाढ दिसत नाही."

"मागच्या वर्षी पूर्वा नव्हती."

काही टाइप केल्याचा आवाज आला. मग तो पुढच्या लाल ओळीवर गेला. "कार्ड एका आडनावाचं आणि माल जाणार दुसऱ्याच आडनावाच्या घरी. एकही ऑर्डर जुळत नाही."

"मुलीचं लग्न झालं की आडनाव बदलतं ना? पैसे माहेर भरतं, सुपं सासरी जातात."

"सगळ्याच ऑर्डरींमध्ये?"

"सगळ्याच मुलींची लग्नं झाली आहेत."

"आणि सगळ्यांनी पाच किंवा दहाच नग घेतलेत. मॅडम, चोरीची कार्डं वापरणारे असंच करतात. सारख्याच रकमा, एकामागून एक."

"तीन सुपांचा ओवसा कुणी करत नाही हो."

"आणि पत्ते अपुरे आहेत. एक पत्ता लिहिलाय, 'तिठ्याच्या वरच्या अंगाला, रतांब्याखालचं घर.'"

"ते घर रतांब्याखालीच आहे."

मला तेव्हा हसू आलं होतं. आता येत नाही. त्या मुलाने वाचलेली प्रत्येक लाल ओळ घ्या. आडनावं जुळत नाहीत, कारण माहेर आपल्या मुलीला विसरलेलं नाही. आकडे सारखे, कारण रीत सारखी. सगळं एकाच आठवड्यात, कारण गौर एकाच दिवशी येते. पत्त्यात रतांब्याचं, म्हणजे कोकमाचं झाड, कारण आमच्याकडे घराला नंबर नसतो आणि झाड सगळ्यांना माहीत असतं. आमच्या साध्या जगण्यातली एकेक गोष्ट उचलून तिला चोरीची खूण ठरवलेलं होतं. आणि मे महिन्यातला खरा चोर नीट नावाने, नीट पत्त्याने मजेत निघून गेला होता.

"तेंका पाखडूक येत नाय, बाई," संचिता फोन ठेवल्यावर म्हणाली. "तांदूळ उडवल्यानी नि कोंडो ठेवून घेतल्यानी."

त्यांना हवा होता पुरावा. कार्डाचा मालक आणि माल घेणारी व्यक्ती यांचं नातं दाखवणारा कागद, प्रत्येक ऑर्डरीचा. तो दिल्यावर सात ते दहा कामाचे दिवस. गौर त्याच्या आधी येऊन जाणार होती.

नातं कळवायला त्यांनी एक रकाना दिला होता. त्यात आधीच लिहिलेले पर्याय होते: स्वतः, पती-पत्नी, कंपनीचा कर्मचारी, इतर. संचिताने 'इतर' निवडलं आणि पुढे लिहिलं, 'माहेर'. रकान्याने ते घेतलं नाही. 'योग्य शब्द लिहा' असं आलं.

कुणी विचारेल, कार्ड नाही तर नाही, तिने लोकांना आपला नंबर देऊन थेट पैसे का मागितले नाहीत? गुरुदासनेही तेच विचारलं.

"सगळ्यांका फोन कर नि सांग, कार्ड चालला नाय, ह्या नंबरार टाका."

"आणि तां कोण सांगता, म्हायत आसा?" संचिता म्हणाली. "शाळेत ती पोलीस बाई फसवणुकीचां सांगूक इल्ली होती, तिणां काय सांगलेला? कार्ड चालला नाय, दुसऱ्या नंबरार टाका, असां जो सांगता तो चोर. माझ्या नावान संशयाचो मेसेज गेलो हा. त्याच्यावर मी असो फोन करू? शंभर टक्के चोर ठरतलंय."

तिचं बरोबर होतं. खरं बोलायची जी एक वाट उरली होती, तिच्यावरही चोरांच्या पावलांचे ठसे होते.

दोन दिवसांत गावात बातमी पसरली. वाडीच्या मुंबईकर मंडळींचा मोबाईलवर एक गट आहे. कुणीतरी तो संदेश तिथे टाकला, खाली लिहिलं, 'सावध राहा.' बाजारात माणसं दुकानासमोरून जाताना पावलं जरा भरभर टाकायला लागली. एकाने चहाच्या टपरीवरून विचारलं, "काय गो संचिता, सुपां विकतंस की बँका पाखडतंस?"

"बँक पाखडूक तुझ्यासारखो कोंडो नको मधी," ती म्हणाली. टपरी हसली. ती हसली नाही.

सगळ्यात जड गेला विनीतचा फोन. विनीत मस्कतला नोकरीला आहे. त्याची धाकटी बहीण रिया आमच्या वाडीत सुभद्राकाकींच्या घरी दिलेली. त्यांचं मूळ घर इन्सुलीला, पण आईवडील दोन्ही गेले, घराला कुलूप. रियाचं माहेर म्हणजे हा एकटा भाऊ आणि त्याचं मस्कतचं कार्ड. त्याने पाच सुपं मागवली होती. सोबत निरोप लिहिला होता, 'सुपां बरी बघून दी ताई. तिचां माहेर ह्यां एवढांच.'

आता तोच फोनवर म्हणत होता, "ताई, बँकेचो मेसेज इलो. माझां कार्ड बंद झालां. तुमी काय भानगड केल्यात?"

"काय नाय केलंय रे."

"मगे बँक खोटां सांगता?"

तिने समजावलं. पूर्वा, पाच सुपं, आडनावं. तो ऐकत होता, पण मधे मधे "आणि माझां कार्ड?" असं विचारत होता. परक्या देशात कार्ड बंद पडलेला माणूस तो. शेवटी म्हणाला, "ताई, माका तुमची ओळख फोनावरचीच. मी रियाक सांगलंय, तुमच्याकडसून काय घेऊ नको."

त्याला दोष देणार नाही मी. ज्यांनी त्याला घाबरवलं, त्यांना देईन.

गौरीच्या आदल्या दिवशी संचिता पडवीत सुपांच्या राशीकडे बघत बसली होती. मग उठली आणि सुपं पाचपाचात बांधायला लागली.

"खंय चल्लंस?" गुरुदासने विचारलं.

"टेम्पो काढा. पोचवून येव्या."

"पैसे नाय, काय नाय. आणि लोक चोर म्हणतत. तेंका सुपां द्यायची?"

"त्या पोरींका कोणी विचारल्यान? ओवसो चुकलो तर दोन वर्सां बसतलीत. मी शब्द दिलो हा, त्या मशीनान नाय दिलो."

गुरुदासने टेम्पो काढला. मीही पुढे बसले, कारण काही घरी दार उघडायला ओळखीचं तोंड लागणार होतं, आणि या भागातल्या निम्म्या दारांमागची माणसं माझ्या हाताखालून गेली आहेत. संचिता प्रत्येक घरी एकच वाक्य बोलत होती: "सुपां घेवा. पैशांचां मगे बघूया, आणि दितल्यात तर हातात द्या, फोनार नको." बऱ्याच घरी घेतली. काहींनी तिथेच पैसे हातावर ठेवले आणि डोळे चुकवले. एका घरी सून आतून धावत आली आणि सुपं छातीशी धरून परत गेली. एका घरी दार उघडलं नाही. आतला टीव्ही मात्र बंद झाला.

शेवटचं घर सुभद्राकाकींचं. तेच ते रतांब्याखालचं.

काकी पायरीवर बसून अळूची पानं निवडत होत्या. रिया दाराआड. तिची फक्त बोटं चौकटीवर दिसत होती. काकींनी सुपांकडे बघितलं, पण हात लावला नाही.

"हेचे पैसे दिले काय विनीतान?"

"दिल्यान होते, काकी. कंपनीन अडवल्यानी. परत जातले तेका."

"म्हणजे दिले नाय."

"पैशांचां राहूंदे. सुपां घेवा."

"राहूंदे कसां?" काकींनी पान खाली ठेवलं. "पयलो ओवसो माहेरच्या सुपांनी होता. भावान दाम दिलो नाय, तर ही सुपां माहेरची कशी? ही तुझी सुपां. दुकानदाराची सुपां घेऊन माझी सून गौरीसमोर उभी रवतली? आणि उद्या लोक म्हणतले, फुकट इल्ली, त्यातही काय भानगड होती."

माझ्या तोंडावर उत्तर आलं होतं, पण ते उत्तर नव्हतं, राग होता. आणि काकींचं चूक नव्हतं. त्या रीत धरून बोलत होत्या. कंपनीने पैसा अडवला नव्हता फक्त. त्या मुलीचं माहेरच मधल्या मधे अडवून ठेवलं होतं. सूप दारात होतं, आणि तरीही ते पोचलेलं नव्हतं.

चौकटीवरची बोटं दिसेनाशी झाली.

संचिताने सुपं डोक्यावरून उतरवून पायरीवर ठेवली आणि स्वतः त्यांच्या शेजारी बसली.

"काकी, ही माझी सुपां म्हणतास ना?"

"तुझीच."

"मगे माझीच. मीच तिचां माहेर."

काकींनी तिच्याकडे बघितलं. त्यांची नजर बाजारात मासळीचे कल्ले बघताना असते तशी होती. "जिभेन म्हणूक सोपां आसा गो. माहेर एका दिवसाचां नसता. उद्या तिचां बाळंतपण आसा, सणवार आसा, ती भांडून इली तर ठेवून घेवची आसा."

"येऊंदे. भांडून इली तर आधी तिकाच चार शब्द सांगान, मगे तुमका सांगूक येईन."

"माका?"

"माहेर आसंय म्हटल्यावर सांगूचां लागतलां."

काकी हसल्या नाहीत, पण त्यांची पाठ जराशी सैल झाली. "रिया," त्यांनी हाक मारली, "भायर ये. तुझ्या माहेराक पाणी दी."

रिया तांब्या घेऊन आली. तिने संचिताला पाणी दिलं आणि मग एकेक सूप उचलून त्याच्या कडेवरून तळवा फिरवला. कुठेच काडी टोचली नाही. ती आत सुपं घेऊन गेली तेव्हा मला तिचा चेहरा दिसला. तो मी इथे लिहून दाखवू शकणार नाही.

गौरीच्या दिवशी दुपारी रिया नेसून, नटून, सासूला बरोबर घेऊन संचिताच्या घरी आली. एक सूप तिने माहेरासाठी राखून ठेवलं होतं. संचिता चुलीजवळून तशीच उठून आली, पदराला हळद लागलेली. रिया पाया पडली. संचिताने सूप घेतलं, कपाळाला लावलं, आतलं काढून घेतलं आणि सुपात नारळ आणि खण घातला. मग थबकली, आत गेली, आणि आपल्या लग्नातल्या हिरव्या बांगड्यांतल्या उरलेल्या दोन आणून त्यातच ठेवल्या. गुरुदास दारात उभा राहून म्हणाला, "आता माका मेव्हणो कोण? मस्कतचो विनीत काय?" रिया पहिल्यांदा मोठ्याने हसली. विनीतला तिने तिथूनच फोन लावला. तो काय बोलला ते आम्हाला ऐकू आलं नाही. संचिताने फोन कानाला लावून बराच वेळ फक्त "होय रे, होय" म्हटलं.

इथे थांबले असते तर गोष्ट गोड झाली असती. पण ती तशी नाही.

गणपती गेल्यावर कंपनीचं पत्र संचिताच्या मेलवर आलं. इंग्रजीत. मी वाचून दाखवलं. तपासणी पूर्ण झाली. कोणतीही फसवणूक आढळली नाही. खातं पुन्हा सुरू करत आहोत. आपल्या सहकार्याबद्दल आभार. आणि खाली एक ओळ: कार्डधारक आणि माल घेणाऱ्या व्यक्ती यांचं नातं मात्र सिद्ध झालेलं नाही, म्हणून पुढे अशा व्यवहारांवर मर्यादा राहील.

"ह्यां पत्र कोणाकोणाक गेला?" संचिताने विचारलं.

"तुला."

"माकाच? आणि त्यां संशयाचां कोणाक गेलेलां?"

मी पत्र पुन्हा वरपासून वाचलं.

"बाई, लिवा. ज्यांका ज्यांका माझ्या नावान मेसेज धाडलास, त्या सगळ्यांका धाडा की चूक झाली. माका आभार नको तेंचे."

मी लिहिलं. तिच्याच शब्दांत, फक्त प्रमाण मराठीत. उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं, इतकं लवकर की माणसाने वाचलं नसणार. अशी सोय उपलब्ध नाही.

सोय उपलब्ध नाही. वर्गात एखाद्या मुलीवर चोरीचा आळ घेतला आणि ती चोर नव्हती हे कळलं, तर शिक्षिकेला सगळ्या वर्गासमोर उभं राहून सांगावं लागतं. आळ सगळ्यांसमोर आणि सुटका कानात, असा वर्ग कुठलीही शाळा चालवत नाही. चाळीस घरांत संदेश पाठवायला यांना एक पळ लागला होता. तेवढीच घरं, तोच पडदा, तेच बोट, आणि सोय नाही. बाजारात अजून दोनतीन जण आहेत जे सूप घेताना तिच्या हातात नोट ठेवतात आणि उरलेले पैसे जरा जास्तच काळजीने मोजून घेतात. त्यांना कुणी कळवलेलं नाही.

संचिताने वेबसाइट बंद केली नाही. "माझां चुकलां नाय, मी कित्याक बंद करू?" असं म्हणते. केरसुण्या, कोकम, काजू तिथे आहेत. सुपं मात्र तिने काढून टाकली आहेत. सुपं हवी तर कट्ट्याला या, कडेवरून तळवा फिरवा आणि घ्या.

आणि दर बाजाराच्या दिवशी, गिऱ्हाईक ओसरलं की, ती मोबाईल काढून कंपनीला तेच पत्र पुन्हा पाठवते. मी लिहून दिलेलं, एकही शब्द न बदलता. उत्तर येतं, सोय उपलब्ध नाही. ती मोबाईल बाजूला ठेवते, सुपांची रास सरळ करते.

"कंटाळो कधी येतलो गो?" मी एकदा विचारलं.

"तेंका?" ती म्हणाली. "बघूया, बाई. माका घाई नाय."